पेशीसिद्धांताचं तिसरं कलम कोणाचं?

शाळेतली प्रश्नमंजूषा असो की स्पर्धा परीक्षेचं गाईड, उत्तर ठरलेलं असतं. पेशीसिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९मध्ये मांडला. ‘पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते’ हे तिसरं कलम विर्शोने १८५५मध्ये जोडलं. गुण पूर्ण मिळतात, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण त्यामुळे पहिल्या दोघांचं काम फक्त अपुरं होतं, असा समज पिढ्यान् पिढ्या पक्का होत जातो. अपुरं नव्हतं हो, चूक होतं! पेशी कशी जन्मते याबद्दल दोघांचं ठाम मत होतं, आणि विर्शोच्या नावावर खपणारं कलम त्या मताच्या बरोबर उलट आहे.

श्लायडेन मूळचा वकील, नंतर वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्या मते पेशीतल्या द्रवात आधी बारीक कण गोळा होतात, त्यांचं केंद्रक बनतं आणि केंद्रकाभोवती नवी पेशी फुगून येते. श्वानने हेच प्राण्यांना लावलं आणि वर म्हटलं, की ही क्रिया पेशींच्या बाहेरच्या द्रवातही होते. पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर धरावी, तशी पेशी धरते म्हणा ना. श्वान स्वतः स्फटिकांशीच तुलना करत होता. गंमत अशी, की शैवालाची पेशी दुभंगून दोन होतात हे बेल्जियमच्या द्युमॉर्तिएने १८३२मध्ये आणि जर्मनीच्या फॉन मोलने १८३५मध्ये लिहून ठेवलं होतं.

हा घोळ निस्तरला रॉबर्ट रेमाकने. पोझनान इथे जन्मलेला पोलिश ज्यू, काम बर्लिनमध्ये. कोंबडीच्या गर्भातल्या रक्तपेशी दुभंगताना त्याने १८४१मध्येच नोंदवल्या, पण एका निरीक्षणावर विसंबला नाही. बेडकाच्या अंड्याचं विभाजन तो टप्प्याटप्प्याने तपासत गेला. पेशीचं आवरण नीट दिसावं म्हणून ते रसायनांनी घट्ट करून पाहिलं. १८५२मध्ये त्याने छापून टाकलं, की पेशीबाहेरच्या द्रवातून पेशी जन्मणं त्याला स्वयंजननाइतकंच अविश्वसनीय वाटतं, आणि नव्या पेशी विभाजनानेच होतात.

विर्शोला हे आधी पटलं नव्हतं. पटल्यावर १८५५मध्ये त्याने ते सुटसुटीत लॅटिन घोषवाक्यात मांडलं आणि १८५८च्या व्याख्यानसंग्रहातून जगभर पोचवलं, रेमाकला त्याचं श्रेय न देता. हे माझं कुजकं मत नव्हे. हेन्री हॅरिस या पेशीशास्त्रज्ञाने ‘द बर्थ ऑफ द सेल’मध्ये मूळ जर्मन लेख तपासून हा हिशेब मांडला आहे. विर्शोचं स्वतःचं योगदान मोठंच: रोगसुद्धा पेशींच्या पातळीवर शोधायचा, हे त्याने वैद्यकाला शिकवलं. पण तो १८५६पासून बर्लिनमध्ये पूर्ण प्राध्यापक होता. रेमाक धर्म बदलायला तयार नव्हता, आणि प्रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात शिकवता येत नसे. १८४७मध्ये त्याला व्याख्याता म्हणून खास परवानगी मिळाली. पूर्ण प्राध्यापकपद १८६५मध्ये मरेपर्यंत मिळालं नाही. नाव कोणाचं टिकणार, हे यातच बरंचसं ठरलं.

‘हूकने १६६५मध्ये पेशी पाहिली, मग पावणेदोनशे वर्षं सगळे झोपले होते का?’ हा दुसरा लाडका प्रश्न. झोपले नव्हते, भिंगं फसवत होती. अनेक भिंगांच्या सूक्ष्मदर्शकात वस्तूभोवती रंगीत कडा येत आणि कुठलीही ऊती गोल गोल कणांची बनलेली दिसे. लंडनचा मद्यव्यापारी जोसेफ जॅक्सन लिस्टर (जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या लिस्टरचे वडील) याने सुधारित भिंगांतून पाहून १८२७मध्ये, हॉजकिनच्या जोडीने, हे कण बहुतेक ठिकाणी नसतातच असं दाखवलं. अशी भिंगं कशी जुळवायची याचं सूत्र त्याने १८३०मध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतर दहा वर्षांत सिद्धांत उभा राहिला, हा योगायोग नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. हूकला फक्त मृत पेशी दिसल्या? बुचाच्या कापात हो. पण हिरव्या वनस्पतींत त्याला रसाने भरलेले कप्पेही दिसले होते, फक्त त्याचं महत्त्व त्याला कळलं नाही. लेवेनहुकने सूक्ष्मदर्शक शोधला? तो १६३२चा, उपकरण त्याच्या जन्माआधीचं. डोळ्यांना दिसेल ती पेशी नव्हेच? शहामृगाच्या अंड्यातला बलक बघा. शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू? सेंडर, फुक्स आणि मिलो यांच्या २०१६च्या हिशेबात प्रमाण जेमतेम बरोबरीचं निघालं.

आणि १८५५मध्ये सिद्धांत पूर्ण झाला, हेही खरं नाही. मेंदू स्वतंत्र पेशींचा बनलाय की एकसंध जाळ्याचा, हा वाद चालूच होता. कामिलो गॉल्जीने १८७३मध्ये चेतापेशी काळ्या रंगवण्याची युक्ती काढली. तीच वापरून सांतियागो रामोन ई काहालने त्या वेगवेगळ्या आहेत असं दाखवलं. १९०६चं नोबेल दोघांत विभागून मिळालं, तेव्हा गॉल्जीने भाषणात काहालचंच म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक या भांडणात निवाडा देऊच शकत नव्हता. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू त्यातून वेगळे दिसत नाहीत, हे एर्न्स्ट आबेने १८७३मध्येच सांगून ठेवलं होतं. आकार कितीही मोठा करा, उपयोग शून्य. दोन चेतापेशींमधली फट जेमतेम २० नॅनोमीटरची. ती प्रत्यक्ष दिसली १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. तोवर गॉल्जी आणि काहाल दोघेही हयात नव्हते.