बॅटमॅनच्या पडद्यामागचा माणूस

वाचकहो, सिनेमा संपला की पडद्यावर नावांची लांबलचक यादी वर सरकू लागते. तोवर आपण चपला शोधत असतो. त्या यादीत निर्मात्यांचीही नावे असतात. नट तोंडाला रंग लावतो, दिग्दर्शक चित्रण करून घेतो. पण कथेचे हक्क मिळवणे, भांडवल उभे करणे, माणसे जमवणे ही कामे निर्मात्याची. आज अशाच एका माणसाची ओळख करून देतो.

तुमच्या घरातल्या मुलांना बॅटमॅन ठाऊक असेल. वटवाघळासारखा काळा वेष घालून रात्री गुन्हेगारांचा पाठलाग करणारा हा वीर १९३९ साली अमेरिकेतल्या चित्रकथांत जन्मला. त्याच्या गोष्टी वाचून वेडा झालेला एक मुलगा म्हणजे मायकेल युस्लन. जन्म १९५१ चा, वडील गवंडी. १९६६ साली दूरदर्शनच्या पडद्यावर बॅटमॅनची मालिका सुरू झाली. तिच्यात त्याच्या आवडत्या वीराची थट्टाच केलेली होती. चौदा वर्षांच्या मायकेलने मनाशी ठरवले, मोठेपणी खरा, गंभीर बॅटमॅन लोकांना दाखवायचा.

पुढे इंडियाना विद्यापीठात शिकताना त्याने चित्रकथांवर अभ्यासक्रम चालवायची परवानगी मागितली. अधिष्ठाता हसले. तेव्हा मायकेलने त्यांना मोझेसची कथा सांगायला लावली. आपल्या कर्णासारखेच तेही बाळ पेटीत घालून नदीत सोडलेले. मग त्याने सुपरमॅनची कथा विचारली. नष्ट होणाऱ्या ग्रहावरून आईबापांनी यानात घालून पाठवलेले बाळ! अधिष्ठात्यांनी खूण ओळखली आणि परवानगी दिली. मग या पठ्ठ्याने स्वतःच एका वृत्तसंस्थेला फोन केला आणि संतापलेला नागरिक असल्याचे सोंग करून त्याच अभ्यासक्रमाविरुद्ध तक्रार केली. झाले, देशभर बातमी पसरली.

पण नुसत्या हौसेने सिनेमा होत नाही. युस्लन कायदा शिकला आणि एका चित्रपट कंपनीत वकील म्हणून लागला. तिथे करार कसे होतात, पैसा कुठून येतो हे त्याने पाहून घेतले. मग बेंजामिन मेल्निकर या मुरलेल्या, वडीलधाऱ्या गृहस्थांना जोडीला घेऊन ३ ऑक्टोबर १९७९ रोजी त्याने बॅटमॅनवर सिनेमा काढण्याचे हक्क विकत घेतले. जमिनीला सातबारा, तसा कथेला हा कागद.

आता पीक लगेच येईल असे त्याला वाटले. पण एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. असला गंभीर बॅटमॅन कोण बघणार, असा त्यांचा सवाल. अखेर पीटर ग्युबर या निर्मात्याला कल्पना पटली, पुढे वॉर्नर ब्रदर्सने काम हाती घेतले. तरीही पटकथा लिहिल्या जायच्या आणि बाजूला पडायच्या. वर्षामागून वर्षे गेली. २३ जून १९८९ रोजी टिम बर्टन दिग्दर्शित 'बॅटमॅन' झळकला आणि जगभरात त्याने ४० कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला.

आता नीट ऐका. युस्लन आणि मेल्निकर यांच्या करारात वाटा होता तो निव्वळ नफ्यातला. तुम्ही बाजारात माल नेता, भाव चांगला मिळतो. पण हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाऊन हाती पट्टी येते तेव्हा आकडा पाहून तोंड उतरते. इथेही तेच झाले. कोट्यवधींचा गल्ला जमूनही कंपनीच्या हिशेबात निव्वळ नफा उरलाच नाही. १९९२ साली दोघे न्यायालयात गेले, पण तिथेही त्यांच्या हाती यश आले नाही. स्वतः वकील असलेला माणूस, आणि एका शब्दाने अडला!

त्याने काम मात्र सोडले नाही. २००८ चा 'द डार्क नाइट' असो की २०१९ चा 'जोकर', नावांच्या यादीत युस्लनचे नाव आहेच. मेल्निकर २०१८ साली वारले, तेव्हा त्यांचे वय १०४ होते.

बंधूभगिनींनो, लावलेल्या झाडाची दहा वर्षे निगा राखण्याचा धीर तुमच्याकडे आहेच, तो मी तुम्हाला काय शिकवणार? मात्र कोणाशीही करार करताना 'निव्वळ' या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, यातून काय काय वजा होणार? सही त्यानंतर करा.