फुलं वैतरणा ओलांडतात तेव्हा

पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड-जव्हारच्या मोगऱ्याच्या शेतात पहाटे जाणाऱ्याला वास फारसा येत नाही. ऊन चढायच्या आत बायका ज्या कळ्या खुडतात त्या पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या, पण घट्ट मिटलेल्या असतात. त्या उमलायच्या संध्याकाळी, आणि तोवर त्यांनी वैतरणा नदी ओलांडून दादर गाठलेलं असतं. भातावर आणि स्थलांतराच्या मजुरीवर जगणाऱ्या या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मोगऱ्याने अनेक आदिवासी कुटुंबांच्या हाती रोकड दिली. रोजगार हमीच्या लागवडीत फुलझाडांना जागा मिळाली, त्याचाही हातभार लागला.

पश्चिम रेल्वेचा इतिहास पाहिला तर ही वाट जुनीच. ग्रँट रोडहून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग 1864 मध्ये पुरा झाला आणि वसईपासून वरच्या बागायतीला मुंबईचं गिऱ्हाईक सापडलं. वसईच्या वाडीतला चाफा, केळव्या-माहीमची विड्याची पानं, डहाणू-घोलवडचा चिकू, सगळा याच मार्गाकाठचा माल. 2013 मध्ये उपनगरी लोकल विरारहून डहाणू रोडपर्यंत आली, 2014 च्या ऑगस्टमध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, तरी फुलांचा भाव ठरतो तो दादर स्टेशनाबाहेरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईतच.

मग जिथून फुलं जातात, तिथल्या घरात ती किती दिसतात? बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चात फुलपुडी असते, सणाला गजरा-वेणी असते. दोन्ही हवीतच. पण पाण्यात ठेवलेली, येताजाता नुसती बघायची फुलं ही हॉटेलातली किंवा लग्नाच्या हॉलमधली चैन समजली जाते. ती चैन नाही. फुलाला किती पैसे पडतात हे फुलावर कमी आणि ते कधी घेतलं, घरी आणल्यावर त्याचं काय केलं, यावर जास्त ठरतं.

आधी वेळ. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्समेरला जगातला फार मोठा फुलांचा लिलाव चालतो. तिथे बोली चढत नाही, उतरते: घड्याळाचा काटा वरच्या भावापासून खाली येत जातो आणि जो आधी थांबवेल त्याचा माल. आपल्या बाजारात असा काटा नाही, पण दिवस स्वतःच तो काटा फिरवतो. सकाळी ताठ असलेला विक्रेता दुपारी नरमतो, कारण उरलेला माल उद्या निर्माल्याच्या भावाचा. दसऱ्याला तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. सकाळी हट्टाने भाव सांगितलेला झेंडू संध्याकाळी दादरच्या रस्त्यावर ढिगाने पडलेला असतो. पितृपक्षात शुभकार्यं थांबतात, हारांची मागणी घसरते. गणपती आणि नवरात्र यांच्यामधला हा पंधरवडा फुलदाणीसाठी वर्षातला उत्तम काळ. पितरांच्या दिवसांत घरात फुलं ठेवण्याला कुठलीच आडकाठी नाही, हेही इथे स्वच्छ सांगायला हवं.

घासाघीस कुठे करायची याला मात्र मर्यादा असावी. स्टेशनाबाहेर गोणपाटावर कुर्डू, तेरडा, भाताच्या लोंब्या, आपट्याची पानं मांडून बसलेली बाई ते सगळं रानातून, बांधावरून डोक्यावर वाहून आणते. गौरी-गणपतीच्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी अशा कित्येक जणी लेकरांसह शहरातल्या फुटपाथवर रात्र काढतात. त्यांच्याकडची जुडी मुळातच स्वस्त असते. ती सांगितल्या किमतीला घ्यावी. शिवाय कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे पाण्याविनाही टिकतात, उलटे टांगून वाळवले तर महिनोन्‌महिने.

आता घरी आणल्यावरचं. देठ कापला की पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत हवा शिरते आणि वाट अडते. शिळ्या पाण्यात वाढणारे जिवाणू ती आणखी बुजवतात. पाण्यात उभा असूनही गुलाब मान टाकतो तो यामुळे. उपाय बिनपैशाचा आहे: बादलीत देठ बुडवून पाण्याखालीच धारदार सुरीने बोटाच्या पेराएवढा तिरका काप घ्यावा. पाण्यात बुडतील ती पानं काढावीत, भांडं घासून घ्यावं, एक दिवसाआड पाणी बदलावं. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि कपड्यांच्या ब्लीचचे दोन-चार थेंब हे घरगुती टॉनिक. साखर फुलाचं अन्न, आंबटपणामुळे पाणी देठात सहज चढतं, ब्लीच जिवाणूंना रोखतं. नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच पंगत होते. हे पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नये. दारची कण्हेर फुकट मिळते म्हणून आणली तर दुप्पट जपावं, कारण तिचा चीक विषारी आणि ती ठेवलेलं पाणीही.

जरबेऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा देठ लवदार आणि मऊ, खोल पाण्यात सडतो, म्हणून त्याला चार बोटं पाणी पुरे. दहाची जुडी एका फुलदाणीत कोंबण्यापेक्षा सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत एकेक उभा केला तर तीच जुडी अख्ख्या खोलीला पुरते. निशिगंधाची काडी घेताना खालची दोन-तीन फुलंच उमललेली बघावी; बाकीच्या कळ्या रोज खालून वर उमलत जातात आणि वास रात्री, माणसं कामावरून परतल्यावर, दरवळतो. वाळलेलं फूल खुडत राहिलं की एक काडी आठवडा काढते.

पालघरच्या घरांसाठी एक खास सूचना आहे, ती चिकूची. पिकणारा चिकू इथिलीन वायू सोडतो. त्याच वायूने शेजारचे कच्चे चिकू पिकतात आणि त्यानेच कार्नेशन, ऑर्किडसारखी फुलं वेळेआधी कोमेजतात. तेव्हा चिकूची पाटी एका कोपऱ्यात, फुलं दुसऱ्या. पंख्याचा थेट झोतही नको. रात्री भांडं मोरीच्या गार फरशीवर ठेवावं.

देठच नसलेली फुलं तर सर्वांत स्वस्त. फुलपुडीतली दोन शेवंतीची, दारचा देवचाफा, अंगणात सांडलेला पारिजातक पसरट घंगाळात पाण्यावर सोडला की झालं. जास्वंद पाण्याविनाही दिवसभर टवटवीत राहते आणि पाण्यात ठेवूनही बहुधा दुसरा दिवस पाहत नाही. तिला भांडं अडवू नये. आणि सोनचाफा? कोकणातल्या घरांत तो काचेच्या बाटलीत ठेवतात. पाणी काठोकाठ, हवेचा बुडबुडा राहू न देता बूच गच्च. वास बाहेर येत नाही, पण पिवळी पाकळी पुष्कळ दिवस तशीच दिसते.

सणासुदीत झेंडूचा भाव चढा असतो. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू झाली की गुलाब-जरबेरा महागतात. मार्गशीर्षात गुरुवारच्या व्रतासाठी बुधवारी बाजार तापतो, म्हणून घराची फुलं शुक्रवारी घ्यावीत. ज्यांच्या खिडकीत तेलाच्या डब्यात लावलेला मोगरा आहे त्यांनी डिसेंबरात पाणी तोडावं, मग फांद्या छाटून शेणखत घालावं आणि पुन्हा पाणी सुरू करावं. थंडी सरता सरता नव्या फुटीवर कळ्या धरू लागतात.