ग्रह नव्हे, तारा नव्हे



माघाच्या थंडीत रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलात, की डोक्यावर मृग नक्षत्र दिसते. त्याच्या पायांखाली, दक्षिणेकडे, ससा नावाचा तारकासमूह आहे. त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक तांबडा तारा आहे, ग्लीझ २२९. तो सुमारे १९ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज तिथून निघालेला किरण आपल्याकडे पोचेल, तेव्हा आज पाळण्यात असलेले मूल कॉलेजात असेल!

या ताऱ्याचा एक अंधूक सोबती १९९५ साली जाहीर झाला. शोधणाऱ्यांत होते श्रीनिवास कुलकर्णी. जन्म १९५६, कोल्हापूर जिल्ह्यातले कुरुंदवाड, शाळा हुबळीची, पुढे दिल्लीची आय.आय.टी. आणि मग अमेरिका.

आता हा सोबती ग्रह की तारा? तारा म्हणजे स्वतःच्या वजनाने पेटलेली चूल. वायूचा गोळा आकसतो, पोटात तापतो, आणि हायड्रोजनचा हेलियम होऊ लागतो. पण त्यासाठी गुरूच्या ७५-८० पट तरी वस्तुमान लागते. त्याहून कमी भरले तर चूल धरतच नाही. आकसताना आलेली ऊब तेवढी उरते आणि तीही निवत जाते. अशा गोळ्यांचे गणित शिव कुमार यांनी १९६३ साली मांडले. पुढे त्यांना तपकिरी बटू हे नाव पडले. गणित होते, पण खात्रीने दाखवावा असा गोळा तीस वर्षे कुणाला गवसत नव्हता.

अडचण कोणती? गॅसबत्तीच्या काचेवर बसलेला काजवा दिसेल का? पण बत्तीसमोर तळहात धरा, मग दिसेल. पालोमार वेधशाळेत तसेच केले. दुर्बिणीत ताऱ्याचा झगमगाट झाकला आणि १९९४ च्या ऑक्टोबरात शेजारी एक ठिपका उमटला. तरी कुणी लगेच डंका पिटला नाही. यात्रेत दोन माणसे शेजारी दिसली म्हणजे ती एका घरचीच, असे थोडेच आहे? वर्षभर थांबून पुन्हा पाहिले, तेव्हा दोघे आकाशात बरोबरच सरकले होते. शिवाय सोबत्याच्या प्रकाशात मिथेनची खूण मिळाली. हा आपल्या गोबरगॅसमधलाच वायू. ताऱ्याच्या धगीत तो टिकत नाही. गुरूच्या थंड वातावरणात मात्र असतो. म्हणजे चूल पेटलेली नव्हती. गंमत अशी, की सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परका ग्रहही त्याच १९९५ च्या ऑक्टोबरात जाहीर झाला.

पण गोष्ट इथे संपली नाही. पुढे मूळ ताऱ्याला बसणाऱ्या ओढीवरून सोबत्याचे वजन काढले. ते गुरूच्या सुमारे ७१ पट भरले! एवढा जड गोळा इतका मंद कसा? गणित चुकले, की मोजमाप?

दोन्ही बरोबर होती. २०२४ साली कुलकर्णींच्याच संस्थेतील जेरी शुआन या विद्यार्थ्याच्या गटाने चिलीतील दुर्बिणी जोडून पाहिले, तर तो एक नव्हे, दोन गोळे निघाले. एक गुरूच्या ३८ पट, दुसरा ३४ पट, आणि १२ दिवसांत एकमेकांभोवती फेरी! पातेलेभर वरण उशिरा निवते. तेच दोन वाडग्यांत ओतले की लवकर गार होते. तसेच हे.

गुरुजींनो, वर्गात मुलाचे उत्तर आणि पुस्तकातले उत्तर जुळले नाही, तर खोडरबर उचलण्याआधी हे पातेले आठवा. एकोणतीस वर्षे बहुतेक जण 'एक' समजून मोजत होते.

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. ती ग्रह शोधणार नाही. तिचे काम वेगळे. पण तिथेही अशीच माणसे लागतील: ठिपका दिसला तरी वर्षभर थांबणारी. ती आपल्याच शाळांतून का जाऊ नयेत?