मुंबईत भाड्याची खुर्ची घेण्यापूर्वी

गोव्यातून मुंबईस जाणाऱ्यांना एकेकाळी धोबी तलाव परिसरातील ‘कूड’ हा मोठा आधार होता. गावाच्या नावाने चालणाऱ्या त्या सामायिक बिऱ्हाडात आगबोटीवर जाणाऱ्या खलाशाला पाठ टेकायला जागा मिळे आणि पत्रे येण्यासाठी पत्ताही. आज लॅपटॉप घेऊन मुंबई गाठणाऱ्या तरुणाला दिवसभर काम करण्यासाठी जागा हवी असते आणि पुष्कळदा तोच पत्ताही हवा असतो. ही गरज सामायिक कार्यालये, अर्थात को-वर्किंग स्पेस भागवतात. अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ, गोरेगाव, ठाणे अशा सर्व ठिकाणी ती आहेत. मात्र जाहिरातीतील छायाचित्रे आणि मासिक शुल्काचा आकडा एवढेच पाहून जागा घेणारे अडचणीत येतात, ते बहुधा खुर्चीमुळे नव्हे, तर करारामुळे.

फोंड्याच्या माझ्या एका मित्राने अंधेरीत अशीच सर्वांत स्वस्त खुर्ची घेतली. सहा महिन्यांचे बंधन आणि दोन महिन्यांची अनामत. एका ग्राहक कंपनीला त्याचा मुंबईतील नोंदणीकृत पत्ता हवा होता. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी त्याने चालकाकडे संमतिपत्र मागितले, तेव्हा त्याच्या योजनेत पत्ता वापरण्याची मुभाच नसल्याचे कळले. ती योजना निराळी, तिचे शुल्कही निराळे. तो बाहेर पडला आणि अनामत उरलेल्या महिन्यांपोटी वळती झाली. करारात सारे लिहिलेले होते. वाचायचे राहिले होते, इतकेच.

म्हणून पहिला प्रश्न पत्त्याचा. तो प्रत्येकाला लागतोच असे नाही. केवळ सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नाही. गोव्यात नोंदणी असलेला व्यावसायिक गोव्यातून सेवा देऊन मुंबईच्या ग्राहकास एकात्मिक कर लावून बिल देऊ शकतो. मुंबईत कायमची बैठक मांडून तेथूनच सेवा द्यायची असेल, तर महाराष्ट्रातील नोंदणीचा प्रश्न येतो. तेव्हा चालकाचे संमतिपत्र, करारपत्र आणि जागेचे वीजबिल यांसारखा पुरावा लागतो. अधिकारी प्रत्यक्ष पाहणीसही येऊ शकतात. नामफलकावर नोंदणी क्रमांक लावणे नियमानेच आवश्यक आहे. तो लावू देणार का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

येथे आणखी एक बारकावा आहे. खुर्चीच्या शुल्कावर १८ टक्के कर असतो, म्हणजे १०,००० रुपयांची खुर्ची प्रत्यक्षात ११,८०० रुपयांना पडते. नोंदणी असलेल्यास या कराची वजावट मिळते, असे विक्री प्रतिनिधी सांगतो आणि ते खरेही आहे. परंतु जागेशी निगडित सेवेवरील कर जागा ज्या राज्यात आहे तेथील लागतो. त्यामुळे मुंबईच्या खुर्चीवर भरलेला कर गोव्यातील नोंदणीवर वजा करता येत नाही. महिन्यातून चार-सहा दिवसच जाणाऱ्याने हा १८ टक्के खर्चच समजावा आणि मासिक शुल्काऐवजी रोजच्या पासाचा हिशेब करून पाहावा.

कराराचे स्वरूपही समजून घ्यायला हवे. असा करार बहुधा सेवेचा वा परवान्याचा असतो, भाडेकराराचा नव्हे. भाडेकरूस मिळणारे संरक्षण येथे मिळत नाही. चालक स्वतः इमारत दीर्घ मुदतीने घेतो आणि आपल्याला महिन्याच्या बोलीने देतो. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी त्याचे भाडे थांबत नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘वीवर्क’ने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यात दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांचे ओझे हे मोठे कारण होते. (भारतातील ‘वीवर्क इंडिया’ एम्बसी समूहाची, तिचा त्या अर्जाशी संबंध नव्हता.) लहान चालकाकडे तर वर्षभराचे शुल्क सवलतीच्या मोहाने आगाऊ भरूच नये, असे माझे मत आहे.

स्थळाबाबत एवढेच, की मुंबई उत्तर-दक्षिण लांबलेली आहे आणि पूर्व-पश्चिम जाणे त्रासाचे आहे. घाटकोपरला राहणाऱ्यास अंधेरी २०१४ पासून मेट्रोने जवळ आली. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्याने वांद्रे-कुर्ला संकुलही आवाक्यात आले. गोव्याला वरचेवर ये-जा असेल, तर ठाणे, कुर्ला, दादर ही स्थानके डोळ्यांपुढे ठेवावीत. कोकणकन्या पहाटे मुंबईत सोडते. कार्यालय नऊला उघडत असेल तर तीन तास बॅग घेऊन कोठे बसणार? रात्री आणि रविवारी प्रवेश आहे का, तेव्हा वातानुकूलन चालू असते का, हे त्यासाठीच विचारायचे.

पाहणीस शनिवारी जाऊ नये. कामाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास, जागा भरलेली असताना जावे. आपल्याच लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लावून पाहावा. फोनवर बोलण्याच्या खोल्या किती आणि त्यांसमोर रांग किती, हे पाहावे. इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहे का आणि वीज गेल्यावर राउटर चालू राहतो का, हे व्यवस्थापकापेक्षा तेथे बसलेल्या माणसाला विचारावे. बैठकीच्या खोलीचे किती तास शुल्कात धरले आहेत, ते करारात आकड्यानिशी असावे. उशिरापर्यंत काम करणाऱ्या महिलांनी जिना, प्रसाधनगृह आणि रात्रीचा पहारा स्वतः पाहून घ्यावा.

जागा सोडताना पूर्वसूचना ईमेलने द्यावी आणि अनामत परत करण्याची तारीख लेखी मागावी. नोंदणीत तोच पत्ता असेल, तर बदलाचा अर्ज १५ दिवसांच्या आत करायचा असतो. हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही आणि टपालाने येणारी कागदपत्रे जुन्या टेबलावर, दुसऱ्याच कोणाच्या हाती पडत राहतात.