घंटागाडी गेली… पुढे काय?

मुलांनो, सकाळी घंटागाडीची घंटा वाजली, की आई म्हणते, “जा रे, डबा रिकामा करून ये!” तुम्ही धावता, डबा उपडा करता, हात धुता. झालं घर स्वच्छ! पण तो कचरा पुढे जातो कुठे, असं गाडीवाल्या काकांना कधी विचारलंय?

मुंबईतल्या देवनारची गोष्ट सांगते. १९२७ सालापासून तिथे शहराचा कचरा पडू लागला. साचता साचता त्याचे कित्येक मजली डोंगर झाले. त्या डोंगरांना लागूनच गोवंडीच्या रफीनगर, बैंगनवाडी अशा वस्त्या आहेत. तिथेही तुमच्यासारखीच मुलं राहतात, दप्तर पाठीला लावून शाळेत जातात.

जानेवारी २०१६ मध्ये हा कचरा पेटला आणि बरेच दिवस धुमसत राहिला. धूर इतका, की उपग्रहांनी अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांतही तो दिसला! आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तुम्ही म्हणाल, “सुट्टी? मज्जाच की!” छे! डोळे चुरचुरताहेत, खोकला थांबत नाही, दारं-खिडक्या लावल्या तरी धूर घरात. अशी सुट्टी कुणाला हवी?

पण कचरा पेटतो कसा? भाजीची देठं, शिळं अन्न ढिगाखाली दबतं, हवेशिवाय कुजतं आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. तो चटकन पेट घेतो. जळायला प्लास्टिक आहेच! दमा असलेल्यांचे तर या धुराने फारच हाल होतात. पावसाळ्यात ढिगातून काळं पाणी झिरपतं आणि जमिनीखालचं पाणी बिघडवतं. घाणीवरच्या माश्या जेवणावर बसतात. कचरा वेचणाऱ्या मावशींच्या हातात फुटक्या काचा घुसतात, ते वेगळंच.

म्हणजे बघा, आपल्या दारातून गेलेला कचरा दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाऊन पडतो.

मग आपण काय करायचं? ओला आणि सुका कचरा पहिल्यापासून वेगळा ठेवायचा. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं ठळक लिहायचं. आमच्या चौथीच्या मुलांनी शाळेमागे खड्डा केलाय. डब्यातली सालं, पालापाचोळा त्यात टाकायचा, वर मातीचा थर द्यायचा. त्याच खतावर यंदा भेंडी आलीय!

उद्या घंटा वाजली, की डबा उपडा करण्याआधी एकदा आत डोकावा. त्यातलं काय काय घरीच जिरवता येईल? मोजा आणि मला पत्राने नक्की कळवा. कळवाल ना?