सिंहगडचा पोवाडा

तानाजी मालुसरे कोंडाण्यावर पडला तो ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं. त्या मोहिमेची हकीकत मराठी घरांतून मुलांच्याहि तोंडीं असते. हस्तिदंती फणीनें केंस विंचरतांना जिजाबाईंची दृष्टि गडावर जाते; शिवाजीमहाराजांस राजगडाहून बोलावणें धाडलें जातें; मायलेकांचा फाशांचा डाव होतो आणि आई डाव जिंकून गड मागते. मग रायबाचें लग्न मागें टाकून तानाजी निघतो. हा सारा मजकूर इतिहासांतला, असाच पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तो आला आहे तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतून.

कृष्णाजी अनंत सभासदानें आपली बखर १६९७ च्या सुमारास जिंजी येथें लिहिली. तिच्यांतला प्रसंग अगदीं आटोपशीर आहे. पांचशें मावळे निघतात, त्यांतले निवडक गडी वानरासारखे कडा चढतात, तानाजी व उदेभान एकमेकांच्या हातून पडतात, आणि सूर्याजी लोकांस सांवरून गड घेतो. घोरपड नाहीं, फासे नाहींत, लग्नहि नाहीं.

मग हें सारें शाहिरानें कां घातलें? १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत कोंडाणा होता. तो परत घेणें हें राजकारण होतें. परंतु अंगणांत संबळ-तुणतुण्यावर रात्र जागविणाऱ्या गोंधळ्याला तहाचीं कलमें गाऊन कसें चालेल? त्याला रुसणारी आई हवी, घरचें कार्य टाकून येणारा मित्र हवा. शत्रूहि तोलामोलाचा हवा. म्हणून उदेभानाला अठरा बायका आणि राक्षसाचा आहार मिळाला, शिवाय चंद्रावळी हत्ती आणि सिद्दी हिलाल दिमतीला आले. प्रत्येकाची झुंज वेगळी, म्हणजे रात्रहि तेवढी लांबते.

गोंधळी पोवाडा पोथीसारखा अक्षरशः पाठ करीत नसे. कथेचा सांगाडा आणि ठराविक वर्णनें त्याच्या जिभेवर असत. वेळ पाहून तीं तो वाढवी किंवा आंखडती घेई. त्यामुळें स्थळेंहि हलतात. तुळशीदासाच्या जिजाबाई प्रतापगडावर आहेत. कांहीं सांगण्यांत त्या राजगडावर येतात, आणि तें भूगोलाला अधिक जुळतेंहि.

घोरपडीचें प्रकरण तर फारच मौजेचें. घोरपडे घराण्याच्या आडनांवाविषयींहि अशीच कड्यावर दोर नेण्याची कथा सांगतात. म्हणजे हा प्राणी एका गडावरून दुसऱ्या गडावर हिंडलेला दिसतो. तिनें माणसाचा भार पेलला असेल काय, हा वाद व्यर्थ आहे. शाहिराची खरी करामत पुढेंच आहे. घोरपड अपशकुन ओळखून अर्ध्या वाटेवरून परत फिरते, तेव्हां तानाजी तिला कापून भाकरीबरोबर खाण्याचा धाक घालतो. हसतां हसतां श्रोत्यांच्या पोटांत धस्स होतें, कारण जनावराला कळलें तें वीराला ऐकावयाचें नाहीं. बखरीला हें साधलेलें नाहीं.

हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं गोंधळ्यांकडून मिळविलेले पोवाडे १८९१ मध्यें छापले; ॲक्वर्थचें इंग्रजी भाषांतर १८९४ चें. ह्या उद्योगामुळें पोवाडे वांचले, हे उपकार मोठेच. पण छापलेला पाठ हाच खरा पाठ ठरला, आणि जे पाठ कोणी लिहून घेतले नाहींत ते गाणाऱ्यांबरोबर गेले. हें नुकसान मोजण्याला आतां साधन नाहीं. पुढें हरि नारायण आपट्यांची कादंबरी आली, तिच्यावरून १९२३ सालीं बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' हा मूकपट निघाला, आणि कथा आणखी पक्की झाली.

गडाच्या नांवाचेंहि तसेंच. तानाजीच्या मरणावरून महाराजांनीं गडाला सिंहगड म्हटलें, असें लोक सांगतात. पण १६६३ च्या पत्रांत तें नांव आहेच. महाराजांच्या तोंडचे म्हणून जे प्रसिद्ध उद्गार आहेत, तेहि सभासदाकडे निराळे आहेत. त्याचे महाराज म्हणतात कीं एक गड हातीं आला आणि दुसरा गेला. तेथें तानाजी स्वतःच गड आहे. सिंह मागाहून आला.