पाण्यात म्हैस, वर मोल : जुनी कॅटामरान पारखताना

‘पाण्यात म्हैस, वर मोल’ ही म्हण ज्या व्यवहारी अनुभवातून जन्माला आली, त्याची आठवण जुनी शिडाची होडी विकत घेताना पदोपदी यावी. फरक इतकाच की, येथे म्हैस काठावर उभी असते आणि तिचे खरे दोष पाण्यात उतरल्यावर दिसतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुले उन्हाळी शिबिरात शीड हाताळायला शिकतात आणि ‘आपलीही एक होडी असावी’ असा हट्ट घरी धरतात. नवी होडी आवाक्याबाहेरची वाटते. जुनी मात्र शेजारच्या अंगणात, गवतात पडलेली आढळते आणि मालक ती अल्प किमतीत द्यायला तयार असतो. मोहाचा क्षण तोच आणि सावध राहण्याचाही तोच.

वाळूच्या किनाऱ्यावरून थेट पाण्यात लोटता येणाऱ्या जोडहोडीला ‘बीच कॅटामरान’ म्हणतात. शब्द मूळचा तमिळ आहे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळ्यांचे ओंडके बांधून केलेले तराफे ते कट्टुमरम्. दोन अंगांच्या होडीला पाश्चात्त्यांनी पुढे हेच नाव दिले. 1876 साली नॅथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन रचनाकाराच्या ‘अमॅरिलिस’ या जोडहोडीने न्यूयॉर्कच्या शर्यतीत प्रस्थापित नौकांना मागे टाकले. तरी हा प्रकार सर्वसामान्य कुटुंबापर्यंत पोचायला जवळजवळ एक शतक लागले. कॅलिफोर्नियात लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनवणाऱ्या हॉबी ऑल्टर यांनी 1968 च्या सुमारास 14 फुटी आणि पाठोपाठ 16 फुटी होडी बाजारात आणली. त्यांतील ‘हॉबी 16’ आजवर एक लाखाहून अधिक बांधली गेली आहे. जुन्या बाजारात सर्वत्र तीच दिसते, त्याचे कारण हे.

कोणती घ्यावी?

हॉबी 16 ची लांबी सुमारे 5 मीटर, वजन सुमारे 145 किलो आणि डोलकाठी सुमारे 8 मीटर उंच. फायबरग्लासची दोन अरुंद अंगे, त्यांना जोडणारी ॲल्युमिनियमची चौकट आणि मधे ताणलेले जाड कापड, म्हणजे ट्रॅम्पोलिन, एवढाच तिचा संसार. ती वेगवान आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तिची धार आवडते. मात्र जोराच्या वाऱ्यात तिचे पुढचे टोक पाण्यात रुतून होडी कोलांटी घेते, हा तिचा प्रसिद्ध स्वभाव आहे. शिवाय ती मूलतः दोघांची होडी आहे. चौघे बसले तर ती सुस्त होते.

‘हॉबी गेटअवे’ तेवढ्याच लांबीची, पण अंगे साच्यात घडवलेल्या पॉलिथिलीनची. वजन सुमारे 30 किलोंनी जास्त, वेग कमी. परंतु बसायला प्रशस्त आणि दगड-खडीचे घाव सोसणारी. 13 फुटी ‘वेव्ह’ला एकच शीड असते, नवशिक्या मुलासाठी ती सर्वांत सोपी, पण दोन उन्हाळ्यांत किशोरांना ती अपुरी वाटू लागते. ब्रिटनमध्ये हीच निवड बहुधा ‘डार्ट 18’ भोवती फिरते. दोन पालक आणि दोन मुले एकत्र निघणार असतील, तर गेटअवे. दोघे भावंडेच आलटून-पालटून वडिलांसह किंवा आईसह जाणार असतील, तर हॉबी 16, असा साधा निकष पुरेसा आहे.

अंगाची परीक्षा

फायबरग्लासच्या अंगात दोन पातळ थरांमध्ये फोम असतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि ताणाने थर फोमपासून सुटतात. वरून रंग चकचकीत राहतो, आत मात्र पोकळी होते. म्हणून अंगठ्याने संपूर्ण पृष्ठभाग दाबत जावे. विशेषतः चौकटीच्या पुढच्या खांबांच्या पुढील भाग. दाबल्यावर तो लवला, तर सावध व्हावे. नंतर नाण्याने ठोकून पाहावे. निरोगी जागी खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो; खोटे नाणे पारखणाऱ्या कानांना हा भेद शिकवावा लागत नाही. छोटा डाग इपॉक्सी भरून दुरुस्त होतो. हातभर लांबीचा भाग मऊ असेल, तर होडी फुकटही घेऊ नये.

पुढे खालची बाजू पाहावी. वाळूवरून ओढल्याने तळाची कड झिजते. अंगावरील झाकण उघडता येत असेल, तर आत विजेरी लावून अंधाऱ्या जागी बाहेरून पाहावे. जेथून उजेड झिरपतो तेथे पत्रा पातळ झाला आहे. गळती शोधायची तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुचाच्या भोकातून तोंडाने हलकेच हवा फुंकावी. बुडबुडे दोष दाखवतात. हवा भरण्याचा पंप कदापि वापरू नये, त्याच्या दाबाने सांधेच उसवतात. चौकटीचे कोपरे धरून होडी हलवावी. खांब अंगात सैल झाले असतील, तर ती कुरकुरते.

पॉलिथिलीनच्या अंगाची पारख वेगळी. तेथे थर सुटण्याचे भय नाही. पण गाडीवर घट्ट पट्ट्यांनी बांधून उन्हात ठेवल्यास खोलगट खळगे पडतात. चीर गेली, तर साधा गोंद त्या प्लॅस्टिकला धरत नाही. तापवून सांधावे लागते.

डोलकाठी, तारा आणि गाडी

डोलकाठी जमिनीवर ठेवून टोकाला डोळा लावून पाहावी. वाक दिसता कामा नये. ती उचलून तिरपी करावी. आत पाणी खळखळले, तर तिचे सीलबंदपण गेले आहे. अशी डोलकाठी होडी कलंडल्यावर तरंगत नाही, बुडते आणि होडी पूर्ण उलटी होते. हॉबीच्या नंतरच्या डोलकाठ्यांचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा आहे, कारण ॲल्युमिनियमची उंच डोलकाठी विजेच्या तारेला लागून प्राणहानी झालेली आहे. हा भाग असला तरी डोलकाठी उभी करण्यापूर्वी वर पाहण्याची सवय घरातील प्रत्येकाला हवी.

डोलकाठी तोलून धरणाऱ्या पोलादी तारांचे वय विक्रेत्याला सांगता आले नाही, तर त्या बदलायच्याच, असे गृहीत धरावे. एखादा तंतू तुटून वर आला असेल, तर प्रश्नच उरत नाही. ट्रॅम्पोलिनची शिवण नखाने ओढावी. उन्हाने कुजलेला दोरा लगेच तुटतो. सुकाणू वर उचलून पुन्हा खाली बसते का, त्याच्या सांध्यात किती ढिलाई आहे, हे पाहावे.

होडी वाहून नेणारी चाकगाडी पुष्कळदा होडीइतकीच मोलाची असते. टायर, बेअरिंग, दिवे आणि तिची स्वतंत्र कागदपत्रे तपासावीत. अमेरिकेत 1 नोव्हेंबर 1972 नंतर बांधलेल्या होडीवर 12 अक्षरांचा ओळखक्रमांक असतो, तो मागच्या बाजूस उजवीकडे सापडतो. 1984 नंतरच्या होड्यांवर त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. क्रमांक आणि कागद जुळले नाहीत, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

किमतीचा हिशेब

जाहिरातीतील आकडा म्हणजे किंमत नव्हे. समजा, एक होडी 900 डॉलरला आहे. शिडे फाटलेली (1,800), ट्रॅम्पोलिन कुजलेले (350), तारा जुन्या (250), गाडीची चाके निकामी (250). एकूण 3,550 डॉलर. दुसरी 2,600 डॉलरला, शिडे सुस्थितीत, फक्त तारा बदलायच्या, एकूण 2,850. हे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत, पण निष्कर्ष बहुधा हाच निघतो : स्वस्त दिसलेली होडी 700 डॉलरने महाग पडते आणि उन्हाळा दुरुस्तीत जातो तो वेगळाच. त्यात होडी ठेवण्याचे भाडे, नोंदणी आणि विमा मिळवावा. हत्ती घेणे सोपे, पोसणे अवघड.

मुलांचा वाटा

कलंडलेली हॉबी 16 सरळ करायला साधारण 135 किलो वजन लागते. चौदा आणि सोळा वर्षांच्या दोन सडपातळ भावंडांचे वजन त्याहून कमी भरू शकते. म्हणजे ती दोघेच पाण्यात असताना होडी उलटली, तर त्यांना ती उठवता येणार नाही. खरेदीपूर्वी काट्यावर उभे राहून करायचा हा हिशेब शिडाच्या रंगापेक्षा महत्त्वाचा आहे. पाण्याने भरायची वजनाची पिशवी किंवा डोलकाठीच्या टोकाचा तरंगगोळा हे उपाय आहेत. तोवर सोबत मोठे माणूस हवेच.

पहिल्याच शांत दिवशी, किनाऱ्याजवळ, होडी मुद्दाम उलटवून सराव करावा : प्रथम सर्वांची मोजणी, मग शिडाचे दोर मोकळे, होडीचे तोंड वाऱ्याकडे, दोर धरून मागे झुकणे. होडी सोडून कोणीही पोहत दूर जाऊ नये. चालत्या होडीत जीवनरक्षक जाकीट घालण्याची सक्ती अमेरिकेच्या संघीय नियमात 13 वर्षांखालील मुलांना आहे. किशोरांसाठी तोच नियम घराने करावा आणि आईवडिलांनी तो आधी स्वतः पाळावा. वसंत ऋतूत हवा उबदार असली तरी पाणी गोठवणारे असते, हेही विसरू नये.

नाणे ठोकण्यापासून ओळखक्रमांक उतरवून घेण्यापर्यंतची कामे मुलांवर सोपवावीत. ज्या मुलाने स्वतः वाकून तळ तपासला आणि आकडे मांडले, ते होडी पुढे जपून वापरते. बोलणी मात्र घाई न करता करावीत. शरद ऋतूत, हिवाळ्यासाठी जागा मोकळी करण्याच्या वेळी, विक्रेता अधिक नमतो. तेव्हा घेतलेल्या होडीच्या तारा आणि शिवण हिवाळ्यात निवांत पाहता येतात आणि जून उजाडतो तेव्हा ती पाण्यासाठी तयार असते.